पॅकच्या आधीचा चहा

आमचा जावई म्हणतो, "आई, तुम्ही मेलेल्या भाषेत विचार करता." तो सॉफ्टवेअरमधला आहे, त्यामुळे त्याला असं बोलायचा अधिकार आहे, आणि सासूची थट्टा करायला तर अधिकारही लागत नाही. मी त्याला म्हणते, "तुमच्या कंपन्यांसाठी मेली असेल. माझ्या घरात ती अजून हिंडते-फिरते." भाषेचं नाव फॉक्सप्रो. माणसांशी नव्हे, कॉम्प्युटरमधल्या नोंदींशी बोलायची भाषा. अमकं शोध, तमकं बदल, ह्या नावाचा माणूस कुठे आहे ते दाखव, एवढंच तिच्यात बोलायचं. ज्या कंपनीकडे ती शेवटी गेली, तिने नवी आवृत्ती काढणं कधीच थांबवलं. त्याला लोक मरणं म्हणतात.

मला ती लागली ती दुकानापायी. आमचं दुकान नकली डोळ्यांचं. दुकान म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत कॉम्प्युटर. पुढच्या खोलीत उत्तरेकडे मोठी खिडकी, कारण रंग बघायला ऊन चालत नाही, सावलीतला उजेड लागतो. खिडकीशी रंगकामाचं टेबल, कोपऱ्यात पॉलिशचं चाक, आणि भिंतीला सपाट ड्रॉवरांचं कपाट. ह्या कपाटाचा ड्रॉवर नव्या माणसासमोर उघडायचा नसतो. एकदम चाळीस डोळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर भलेभले दोन पावलं मागे सरतात. आमच्या लग्नाची बोलणी चालू असताना मी तो आगाऊपणे उघडला होता. पळून गेले नाही, म्हणून लग्न ठरलं, असं हे अजून लोकांना सांगतात.

डोळा करायचा म्हणजे खोबणीचा साचा घ्यायचा, पांढरा भाग घडवायचा, त्यावर शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू बसवायचे. पण खरं काम बुबुळाचं. माणसाचा जो डोळा शाबूत आहे त्याच्याकडे बघत, एका छोट्या चकतीवर रंगाचे थर चढवायचे: आधी पाया, मग काठ, मग बाहुलीभोवतीचा तारा, आणि सगळ्यांवर एक धुक्यासारखा पातळ थर. प्रत्येक थरात कुठला रंग किती, ते लिहून ठेवायचं, कारण काही वर्षांनी डोळा बदलावा लागतो. आमचे हे चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि चिठ्ठ्या हरवायचे. म्हणून मी क्लास लावला.

क्लास एका जुन्या टायपिंगच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या सरांना आम्ही टिंबमास्तर म्हणायचो, कारण ते डीबेस नावाच्या ज्या जुन्या भाषेवर शिकवायचे, तिच्यात काळ्या पडद्यावर नुसतं एक टिंब येऊन थांबायचं. मास्तर त्या टिंबाकडे हात करून म्हणायचे, "ती म्हणतेय, बोला, ऐकते." तिचा जन्म कसा झाला तेही त्यांनीच सांगितलं. एक इंजिनिअर होता, त्याला फुटबॉलच्या सामन्यांचे निकाल आधी ओळखायचे होते. आकडे मांडायला बरं पडावं म्हणून त्याने घरी बसून ही भाषा लिहायला घेतली. निकाल त्याला ओळखता आले का, असं मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, "ते नाही माहीत. पण तुम्ही इथे बसलात ना?" पुढे डीबेसच्या वळणावर फॉक्सप्रो आली. मुलगी आईहून चपळ निघाली. मग ती मोठ्या घरी पडली, आणि मोठ्या घरात होतं तेच झालं. दुसऱ्या सुना आल्या, आणि हिला मागच्या खोलीत बसवलं.

तिची एक खोड मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली. डिलीट म्हटलं की ती नोंद पुसत नाही. नोंदीपुढे एक खूण करते, छोटा तारा, आणि तिला बाजूला ठेवते. रिकॉल म्हटलं की तारा जातो आणि नोंद परत हजर. कायमचं पुसायचं तर वेगळा हुकूम द्यावा लागतो: पॅक. पॅक म्हटलं की तारेवाल्या सगळ्या नोंदी एकदम जातात, मग देव आला तरी त्या सापडत नाहीत. मास्तर म्हणायचे, त्या काळची मशिनं मंद, दर वेळी सगळी फाइल नव्याने लिहिणं परवडायचं नाही, म्हणून ही सोय. असेल. मला मात्र ती भाषा स्वभावानेच कनवाळू वाटली. माणूस रागात काय काय बोलतो. त्याचं सगळंच लगेच ऐकायचं नसतं.

आमच्याकडे पॅक वर्षाअखेरीला एकदा व्हायचं. वर्षभरात जी माणसं गेली, कुठे लांब राहायला गेली, ज्यांचे डोळे बदलले, त्यांच्या जुन्या नोंदींना तारे लागलेले असायचे. हे म्हणायचे, "पुसायच्या आधी मला एकदा त्यांची नावं वाचू दे. हातून गेलेले डोळे आहेत." म्हणून मी त्यांना मोजके हुकूम शिकवले. आयुष्यभर केसाएवढ्या बारीक ब्रशने काम केलेला माणूस, पण कीबोर्डसमोर बसला की दोन बोटांनी कोंबडीसारखा टिपायचा. मला ते बघवायचं नाही. मग हेच म्हणायचे, "तू चहा टाक जा. तोवर मी वाचतो." मी चहा घेऊन यायची, पॅक करायची, आणि आम्ही कप रिकामे करायचो. त्यानंतरही हे घटकाभर कॉम्प्युटरशी रेंगाळायचे. मी आपली कप विसळायला जायची.

आता वन्संचं सांगायला हवं, कारण हे दुकानच मुळी त्यांच्यामुळे आहे. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लहानपणी घड्याळाची स्प्रिंग उडून त्यांचा डावा डोळा गेला. तेव्हा खोक्यातून निवडून तयार डोळे मिळायचे, त्यातला एक बसवला. तो कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. शाळेत पोरं हसायची. भावाने ते बघितलं आणि ठरवलं की हिचा डोळा मी करणार. कुठल्या कुठे जाऊन कारागिराच्या हाताखाली राहिले, शिकले, आणि पहिला धड डोळा बहिणीला बसवला. वन्संच्या बुबुळाचा रंग मोठा अवघड. तपकिरी म्हणावा तर काठाला हिरवट, आणि बाहुलीजवळ मधासारखा. "हिचा रंग जमला की जगातला कुठलाही जमेल," असं हे म्हणायचे.

अशी ही भावंडं, आणि त्यांचं फाटलं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात ऑपरेशन करावं असं वन्संचं म्हणणं, करू नये असं ह्यांचं. केलं नाही, आणि सासूबाई गेल्या. त्यांनी जाऊन ऑपरेशनचा निकाल कुणाच्याच बाजूने लावला नाही, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारणच उरलं नाही. वन्सं एक दिवस दुकानात आल्या, डावा डोळा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुझा तुला." ह्यांनी तो उचलून पॉलिशच्या चाकावर धरला, पार पांढरा होईपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिची नोंद पुसून टाक." मी मध्ये पडायला गेले, तर दोघंही माझ्यावरच खेकसले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. मी डिलीट केलं. तारा लागला.

वन्संनी दुसरीकडून डोळा करून घेतला. चांगल्यापैकी काळा. डावा एका बाईचा आणि उजवा दुसरीचा, असा तो चेहरा झाला. मी लपूनछपून फोन करायची, भेटायची, पण दुकानाचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "मला हाच डोळा बरा आहे." हट्टीपणात भाऊ-बहिणीत डावं-उजवं करायला जागा नाही. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

मग काचबिंदूने वन्संच्या उजव्या डोळ्याचा ताबा घेतला. आधी दिसायचं कमी झालं, मग बुबुळावर पांढरट साय धरली, आणि शेवटी दुखणं असह्य झालं म्हणून डॉक्टरांनी तो डोळाही काढला. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा वन्सं पट्टी बांधून बसल्या होत्या. माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, एक डोळा परका होता तोवर चालवून घेतलं. आता दोन्ही परके नकोत. मला काही दिसणार नाही, पण माझ्या माणसांना तरी मी दिसायला हवी. माझा रंग आहे ना गं तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "आहे तर. तुम्ही बऱ्या होऊन या."

जिभेला हाड नसतं ते असं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला तो तारा आठवला, आणि त्यानंतर वर्षामागून वर्षं माझ्याच हाताने केलेले पॅक आठवले. जिच्या डोळ्यांकडे बघून बरोबरी करायची ते दोन्ही डोळे आता जगात नव्हते. तिचा रंग कुठे शिल्लक असलाच तर तो फक्त त्या नोंदीत, आणि ती नोंद मी पुसलेली.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, "वन्सं येणार आहेत. दोन्ही डोळे करायचेत." हे म्हणाले, "येऊ दे." ह्यांचे हात हल्ली थरथरतात, रंगकाम आमची लेक करते, आणि बापापेक्षा तसूभरही कमी करत नाही. ती म्हणाली, "बाबा, आत्याचा रंग तुम्हाला तोंडपाठ असेल. तुम्ही सांगा, मी लावते."

"आठवणीतल्या रंगावर जायचं नाही," हे म्हणाले. "आपण ज्याची आठवण काढतो त्याचा रंग मनात गडद होत जातो. मी सांगितला तर तुझी आत्या दिसणार नाही, मला हवी असलेली बहीण दिसेल. नोंद बघा."

नोंद बघा! माझा संताप संताप झाला. स्वतःच पुसायला लावलं, आणि आता साळसूदपणे म्हणे नोंद बघा. म्हातारपणी विसरले असतील, म्हणून मी सोडून दिलं.

जावयाने गेल्या वर्षी आमचं सगळं काम नव्या सिस्टीमवर नेलं होतं. त्याने त्यात वन्संचं नाव शोधलं. नव्हतं. आडनाव घालून शोधलं, जुना पत्ता घालून शोधलं. नव्हतं.

"मी तारे नसलेल्या नोंदीच इकडे आणल्या," तो म्हणाला. "तारेवाल्या जुन्या कॉम्प्युटरवरच आहेत. तिथे असेल."

"नसेल," मी म्हटलं. "डिलीट मी केली होती, आणि त्यानंतर दरसाल पॅक केलंय."

त्याचा चेहरा उतरला. एरवी माझ्या भाषेवर विनोद करणारा मुलगा, पण पॅक म्हणजे काय ते त्याला बरोबर ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "एखादी जुनी कॉपी असेल. मी शोधतो, आई. कुठे ना कुठे मिळेल." मला माहीत होतं, मिळणार नाही. मला रडूच आलं. वन्संना मी काय सांगणार होते? तुमचा रंग आमच्याकडे नाही, आम्हीच घालवला?

हे दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. म्हणाले, "जुन्यावर बघितलंत का?"

"काय बघायचं तिथे?" मी फाडकन म्हटलं. "तुम्हीच पुसायला लावलंत ना?"

हे मागच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, बटण दाबलं. घरघर करत तो जागा झाला. खुर्ची ओढून हे बसले आणि दोन बोटांनी टिपायला लागले. एक अक्षर, मग चष्मा वर, मग दुसरं अक्षर. आम्ही तिघं मागे उभे. कुणाची काही सुचवायची हिंमत झाली नाही. लोकेट, मग बहिणीचं नाव. एंटर.

नोंद आली. पुढे तारा होता, आणि ताऱ्यापुढे सगळं जसंच्या तसं: पाया, काठ, तारा, धुकं, कुठला रंग किती.

"ही कशी राहिली?" मी म्हटलं. "दरसाल पॅक करत होते मी."

हे पडद्याकडेच बघत होते. "तू चहा टाकायला जायचीस ना, तेव्हा मी तिला रिकॉल करायचो. पॅक झालं, तू कप विसळायला गेलीस, की परत डिलीट."

"परत डिलीट कशाला?"

"राग गेला नव्हता ना," हे म्हणाले.

लेक हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. जावयाने भिंतीकडे तोंड केलं. मला ह्यांचं काय करू नि काय नको असं झालं. इतकी वर्षं ह्या माणसाला दगड म्हणत आले मी, आणि हा दगड दरवर्षी माझ्या चहाच्या आधणाइतका वेळ बहिणीला घरात घेत होता. त्या घटकेला मला ज्यांचे ज्यांचे उपकार आठवले त्यात टिंबमास्तर होते, तो सामन्यांचे निकाल ओळखू बघणारा इंजिनिअर होता, आणि ती भाषा होती. हिने जर डिलीटचा अर्थ लगेच पुसून टाकणं असा धरला असता, तर ह्यांना दुसऱ्या दिवशी पस्तावायलाही जागा उरली नसती. रागावलेल्या माणसाला परत फिरायला वाट ठेवणारी ती भाषा होती, आणि मी तिची जन्मभर ऋणी आहे. जावयासमोर मी हे मोठ्याने बोलले. तो हसला नाही.

ह्यांनी रिकॉल टिपलं. तारा गेला. खाली ओळ उमटली, एक नोंद परत आली. "आता हिला तुमच्या नव्यात ने," हे जावयाला म्हणाले.

त्याने नेली. एवढंच नाही, नव्या सिस्टीममध्ये पुसण्याचं बटण बदललं. आता तिथेही आधी तारा लागतो. त्याने मला असंही सांगितलं की जगात कुठे कुठे बसलेली माणसं हौसेने फॉक्सप्रोसारखं लिहिलेलं आजच्या मशिनांवर चालवायची खटपट करताहेत, पगार नाही, काही नाही. "म्हणजे मेली नाही," मी म्हटलं. "तारा लागलाय फक्त," तो म्हणाला. तेव्हापासून माझा जावई मला मुलापेक्षा जास्त आवडतो, आणि मला मुलगा नाही हे सांगायची गरज नाही.

लेकीने आठवडाभर बसून दोन चकत्या रंगवल्या. वन्संना आणायच्या आदल्या दिवशी ती बापापुढे एक शंका घेऊन आली. "बाबा, हा रंग चाळिशीतल्या आत्याचा आहे. वय झालं की बुबुळ फिकट होतं, काठाला करडी कड येते. तेवढं वाढवू का? नाहीतर चेहऱ्याला विसंगत दिसेल."

ह्यांनी दोन्ही चकत्या खिडकीशी धरून बघितल्या. हात थरथरत होता, म्हणून लेकीने खालून आधार दिला. "नको," हे म्हणाले. "त्यानंतरचे तिचे डोळे मी बघितलेलेच नाहीत. जे घेऊन गेली तेच घेऊन येऊ दे."

वन्सं आल्या त्या माझा हात धरून. उंबऱ्याशी थांबल्या आणि नाकाने हवा ओढून म्हणाल्या, "पॉलिशचा वास अजून तोच." हे खुर्चीशी उभे होते. वन्संच आधी म्हणाल्या, "काय रे दादा, नोंद पुसली होतीस म्हणे?"

"पुसली होती," हे म्हणाले. "दरवर्षी पुसत होतो."

"वहिनीने सांगितलं मला," वन्सं म्हणाल्या, आणि खुर्ची चाचपून बसल्या.

लेकीने आधी डावा बसवला, मग उजवा. पापण्या पुसल्या आणि बाजूला झाली. मी बघितलं आणि माझा हुंदका मला आवरेना. पण मला कोण विचारतो? रंग पास करायचा अधिकार ह्या दुकानात एकाच माणसाचा. हे वाकून बहिणीच्या चेहऱ्याशी आले. खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर पडावा म्हणून हनुवटीला बोट लावून तिचं तोंड जरा वळवलं. बघतच राहिले.

वन्संना धीर धरवेना. "अरे, बोल ना काहीतरी. मला दिसत नाही. कोण दिसतंय?"

"तू दिसतेस," हे म्हणाले. मग सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. "चहा टाक. आज मी कॉम्प्युटरशी जात नाही, इथेच बसतो."